वाफ्याचे राखणदार

कोकणात फुलांचा वाफा वर्षातून दोनदा रूप पालटतो. मृग लागण्याआधी तो उंच करायचा. माती ओढून गादी धरायची, कडेला जांभ्याचे चिरे बसवायचे, दोन गाद्यांमधून पाण्याला उताराकडे वाट मोकळी ठेवायची. दिवाळी सरली की तीच गादी मोडायची आणि झाडाभोवती आळं करायचं, कारण आता पाणी घालवायचं नसतं, धरून ठेवायचं असतं. देशावरच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. त्यांच्याकडे वाफा बाराही महिने खोलगट, पाण्याची वाट बघत बसलेला. आमच्याकडे चार महिने पाण्यापासून जीव वाचवायचा आणि आठ महिने पाण्यासाठी विहिरीकडे बघायचं.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आकडा वाचून त्याची जरब कळत नाही. ती कळते तुळशीवृंदावनाच्या पांढऱ्या चुन्यावर. पहिल्या मोठ्या सरीनंतर त्यावर लाल शिंतोड्यांची नक्षी उठते, चांगली गुडघाभर उंच. ती नक्षी म्हणजे आपल्या वाफ्याची माती. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने खाली येतो, उघड्या मातीवर आदळतो आणि मातीचे बारीक कण उधळतो. उरलेले कण एकमेकांत बसून वर पापुद्रा धरतात. मग पाणी आत मुरत नाही, वरून वाहू लागतं आणि जाताना माती घेऊन जातं. म्हणून वाफ्याची पहिली राखण आभाळापासून करायची, आणि ती करायची पातेऱ्याने.

पातेरा म्हणजे झाडून गोळा केलेला वाळका पाला. आंब्या-फणसाचा, बकुळीचा, काजूचा. मे महिन्यात शहाणी माणसं तो पेटवत नाहीत, गडग्याच्या आडोशाला रचून ठेवतात. मृगाच्या तोंडावर तो वाफ्यावर वीतभर पसरायचा आणि वारा उडवू नये म्हणून वर एखादी झावळी आडवी टाकायची. नारळाची सोडणं कडेने पालथी लावली की चिऱ्यांमधल्या फटी बुजतात. त्यातला काथ्या आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो आणि पुढे मार्गशीर्षात, माती भेगाळू लागते तेव्हा, ते थोडं थोडं परत करतो. थेंब पातेऱ्यावर फुटतो आणि मातीपर्यंत पोचतो तो निव्वळ ओलावा होऊन. भर श्रावणात हा पातेरा बाजूला सारून पाहावं. बाहेर आभाळ कोसळत असतं आणि खाली माती मऊ, कोमट, स्वस्थ असते. बुरशीचे पांढरे धागे एका पानातून दुसऱ्या पानात गेलेले असतात. पाला कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते, ते बोटाने चाचपूनही सांगता येत नाही. या जागी हात लावण्याआधी जोडावे, असं मला दरवेळी वाटतं.

आमची तांबडी माती तशी गरीबच. पिढ्यान् पिढ्यांच्या पावसाने तिच्यातला चुना, पालाश धुऊन नेलेला. मागे राहिलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. रंग देखणा, पण अंगात आंबटपणा. जुन्या बायका चुलीतली राख थंड करून पसाभर झाडाच्या बुंध्याभोवती टाकत, ते याच रोगावरचं औषध होतं. राखेत चुन्याचा अंश असतो, पालाश असतो आणि ती आंबट मातीला थोडी गोड करते. त्या काही रसायनशास्त्र शिकल्या नव्हत्या. गेल्या वर्षी राख टाकलेली अबोली आणि न टाकलेली अबोली यांतला फरक त्यांनी पाहून ठेवला होता, एवढंच. आता चुली गेल्या आणि राख बाजारात पाकिटातून मिळते.

मातीखालचं काम किती सावकाश चालतं, हे मोजायला आयुष्यातली एकोणतीस वर्षं देणारा एक माणूस होऊन गेला. चार्ल्स डार्विनने 1842 च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या आपल्या घराजवळच्या शेतावर खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि 1871 मध्ये तिथे चर खणून पाहिला. खडूचा पांढरा थर जमिनीखाली सात इंचांवर सापडला. तो कुणी पुरला नव्हता. गांडुळांनी खालची माती खाऊन वर आणून टाकली होती आणि खडू आपोआप खाली गेला होता. गांडुळांवरचं त्याचं पुस्तक 1881 मध्ये आलं, मृत्यूच्या आदल्या वर्षी. सगळ्या सजीवसृष्टीचा विचार करून झाल्यावर म्हातारपणी हा माणूस गांडुळांपाशी येऊन बसला, ही गोष्ट मला एखाद्या संतचरित्रात शोभेल अशी वाटते. कुदळ मारायची सवय माझ्या हातून सुटली ती या खडूच्या थरामुळे. जी माती कुणीतरी आतून उलथतच आहे, ती आपण वरून कशाला खणायची? वाफ्यात आता फक्त खुरपं चालतं, तेही बोटभर.

कोकणात प्रत्येक वाडीला राखणदार असतो. आगराच्या कोपऱ्यात, बहुधा एखाद्या जुन्या झाडाच्या मुळाशी त्याची जागा असते. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घे म्हणायचं. तो दिसत नाही, पण त्याची नजर सगळीकडे असते असं मानतात. यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण वाफ्याजवळ रोज तासभर बसणाऱ्या माणसाला एवढं तरी कळून चुकतं, की इथली राखण आपण एकटे करत नाही आणि मुख्य राखणदार तर आपण नाहीच.

निंदणीचंच बघा. वाफा राखायचा म्हणजे तण काढायचं, हे पोरालाही ठाऊक असतं. पण तण कोणतं, हे महिना बघून ठरवावं लागतं. आषाढात हरळी वाफ्यात शिरते. प्रत्येक पेराला मूळ फुटतं, खुरप्याने तुटलेला बोटभर तुकडा मातीत राहिला तरी पंधरवड्यात पुन्हा हजर. ती उपटून उपटून बोटं सोलवटतात. आणि भाद्रपद चतुर्थीच्या सकाळी घरातलं पोर परडी घेऊन त्याच वाफ्याच्या कडेला बसतं आणि तिचेच त्रिदळी कोंब एकवीस एकवीस करून मोजतं, कारण आज तिचं नाव दूर्वा असतं. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा लागतो. एरवी धोतराला चिकटणारी त्याची बोंडं नकोशी. माका तेलात जातो. लव्हाळ्याने तर जगभरच्या शेतकऱ्यांना रडवलं आहे. वरची पाती उपटली की हाताला लागतात ती पातीच, खाली गाठींची माळ शाबूत राहते. त्याच कुळातल्या सुवासिक गाठी, नागरमोथा म्हणून, दिवाळीच्या उटण्यात असतात. ज्याला वर्षभर शिव्या दिल्या, तो नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लावून घ्यायचा.

म्हणून मी वाफ्याच्या आत हरळी ठेवत नाही आणि कडेवरची काढत नाही. चिऱ्यांच्या बाहेर हातभर पट्टा तिचा, आघाड्याचा, तेरड्याचा. तेरडा कुणी लावावा लागत नाही. त्याच्या पिकल्या बोंडाला बोट लागताच ते तडकतं, कड्या वळतात आणि बी लांब उडतं. अबोलीची तऱ्हा आणखी वेगळी. तिची वाळकी बोंडं पाण्याची वाट बघत थांबतात आणि वळिवाची पहिली सर आली की भिजून फटाफट उकलतात. ज्या पावसात बी रुजायचं, त्याच पावसाने ते पेरायचं. तेरड्याचा रंग तीन दिवस असं म्हणतात ते त्याला हिणवायला. पण आमच्याकडच्या गौरी तेरड्याच्याच असतात, आणि त्याही तीनच दिवस राहतात. त्यांना कुणी हिणवत नाही.

आता गोगलगाय. वाफा राखणाऱ्याची भक्ती जिथे खरोखर कसाला लागते, ती ही जागा. संध्याकाळी झेंडूची हातभर रोपं डोळे भरून पाहावीत आणि सकाळी तिथे काड्या उभ्या असाव्यात. बाजूने सुकलेल्या चिकट्याची चमकती रेघ. मोठी आफ्रिकी गोगलगाय आपल्या देशातली नव्हे. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कोलकात्यातल्या एका बागेत सुटल्या आणि तिथून त्यांचा संसार देशभर वाढला. एकेक गोगलगाय एका वेळी शंभराहून अधिक अंडी मातीत घालते. मीठ टाकलं तर ती विरघळते खरी, पण मीठ मातीत उरतं आणि पुढे गांडुळांना नि मुळांना जाळतं. त्यापेक्षा रात्री ओलं गोणपाट वाफ्यापाशी टाकून ठेवावं, पहाटे उचलावं आणि खाली जमलेल्या सगळ्या जणी बादलीत घ्याव्यात. कंटाळवाणं काम आहे. याला शॉर्टकट नाही.

पण या कामात आपल्याला दोन जोडीदार आहेत. एक भारद्वाज. हा तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा गंभीर पक्षी गडग्यावरून उतरतो, पातेऱ्यातून पावलं टाकत हिंडतो आणि गोगलगायी शोधून खातो. सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो अशी समजूत आहे. ज्याच्या घरी झेंडूचा वाफा आहे, त्याच्यापुरती ती अक्षरशः खरी आहे. दुसरा जोडीदार आपण फारसा ओळखतच नाही. मे संपता संपता, पाऊस येऊ घातलेला असतो तेव्हा काळोखात काजवे लुकलुकतात, ते आपण मुलांना उचलून दाखवतो. पण काजवा त्याआधी कितीतरी महिने अळी म्हणून ओल्या पातेऱ्यात राहिलेला असतो आणि त्या काळात त्याचं मुख्य अन्न म्हणजे गोगलगायी. स्वतःहून कितीतरी मोठ्या गोगलगायीचा माग काढत ती अळी जाते, चावा घेते, तिला बधिर करते आणि आतल्या आत विरघळवून पिऊन टाकते. ऐकायला भयंकर आहे. पण पातेरा जाळणारा माणूस पुढच्या वर्षीचे काजवेही जाळत असतो, आणि मग गोगलगायी वाढल्या म्हणून औषधाची बाटली आणायला बाजारात जातो.

अशा राखणदारांची यादी करायला बसले तर पावसाळा पुरणार नाही. मावा पडलेल्या शेवंतीच्या शेंड्यावर लाल-काळ्या ठिपक्यांचे गोल किडे फिरताना दिसले की फवारणीचा हात आवरावा. त्यांच्याहून खादाड असतात त्यांच्या काटेरी, ओबडधोबड अळ्या, ज्यांना आपण घाईत चिरडतो. कुंभारीण माशी वाफ्यातली ओली माती नेऊन तुळईवर मडकुल्या करते आणि त्यात अळ्या नेऊन ठेवते. तिने कोंडलेली अळी ध्यासाने तिच्यासारखीच होते, असा जुना दृष्टान्त आहे. खरं तर माशी त्या अळीला डंखाने बधिर करून आपल्या पिल्लाची शिदोरी भरून ठेवते आणि मडकुलीतून बाहेर येतं ते तिचंच पिल्लू. दृष्टान्त बिघडला, पण माझी शेवंती वाचली. झेंडूची राखण तर जमिनीखालची. त्याच्या मुळांतून पाझरणारं टर्थायनिल नावाचं द्रव्य सूत्रकृमींना सोसत नाही, म्हणून शेतकरी भाजीपाल्यात मध्ये मध्ये झेंडू लावतात. मूळचा मेक्सिकोचा हा परदेशी आपल्या दसऱ्याच्या तोरणात कधी येऊन बसला, ते आता कुणाला आठवतही नाही.

माणसांपासूनची राखण हा एक वेगळाच अध्याय आहे. पहाटे साडेपाचला फाटकापाशी कुजबुज होते, आकडीने जास्वंदीची फांदी वाकते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत फुलं पडतात. देवाला वाहायची म्हणून चोरलेली फुलं चोरलेली धरत नाहीत, असं एक सोयीचं शास्त्र आपल्याकडे सर्वमान्य आहे. पूर्वी मला याचा राग यायचा. आता मी हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकले आहे. झेंडूची फुलं झाडावरच सुकू दिली तर झाड बियांच्या मागे लागतं आणि पुढची कळी धरायची थांबतं. तोडत राहावं तसा तो फुलत राहतो. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी उमलण्याआधीच काढायच्या असतात. जास्वंद एका दिवसाची. तेव्हा देवाच्या नावाने खुडणारे हात वाफ्याचंच काम करत असतात, फक्त त्यांनी फांदी मोडू नये. आता मी फाटकापाशी एक परडी अडकवून ठेवली आहे. एका वहिनींनी चातुर्मासात प्राजक्ताचा लक्ष वाहायचं धरलं, तेव्हा त्या उघडपणे आत येऊन पायाखालचा सडा वेचू लागल्या. प्राजक्त हे खाली पडलेलं उचलून वाहायचं फूल, त्यामुळे आकडीचा प्रश्नच नव्हता. सकाळी त्या मोजत बसायच्या आणि मी शेजारी निंदत असायची. एक लाख म्हणजे किती, ते माझ्या आधी त्यांच्या पाठीला कळलं.

राखणीची सगळ्यात विलक्षण गोष्ट मात्र सोलापूर जिल्ह्यातल्या अरणची आहे. सावता माळी तिथले. 1295 मध्ये ते समाधिस्थ झाले. पंढरपूर फार लांब नसूनही त्यांची वारी मळ्यातच चालायची असं परंपरा सांगते, आणि विठ्ठलाची पालखी त्यांना भेटायला अरणला जाते. आख्यायिकेत एकदा देव धावत धावत मळ्यात येतो आणि म्हणतो, मला लपव. सावतोबा हातातल्या खुरप्याने स्वतःचं पोट चिरतात आणि देवाला आत ठेवून घेतात. लहानपणी या गोष्टीची भीती वाटायची. आता तिच्यातलं खुरपं दिसतं. ज्या अवजाराने रोज रोपांची राखण केली, तेच त्या घटकेला हाती होतं. दुसरं काही शोधायला ते गेले नाहीत.

हे सगळं जमलं, पाऊस, हरळी, गोगलगायी, आकडीवाले यांच्याशी तडजोड झाली, आणि तरी गेली काही वर्षं पुढच्या अंगणातली शेवंती फुलेना. पानं हिरवीगार, शेंडे वेळेवर खुडलेले, कीड नाही. मागच्या परसातली, तिच्याच मुळाशी फुटलेल्या पिल्लांपासून लावलेली शेवंती मात्र मार्गशीर्षात पिवळीधमक. कारण वाफ्यात नव्हतं, खांबावर होतं. वाडीच्या रस्त्याला नवे दिवे लागले होते आणि त्यातल्या एकाचा पांढरा झोत रात्रभर थेट शेवंतीवर पडत होता. शेवंती रात्र मोजते. पावसाळ्यानंतर रात्री लांबू लागल्या की त्या सलग काळोखाच्या खुणेवर ती कळी धरते. मध्येच उजेड पडला की तिचा हिशेब मोडतो. तिला वाटतं अजून दिवस मोठे आहेत, आणि ती नुसती पानं काढत राहते. फुलांचा धंदा करणारे तर मुद्दाम रात्री दिवे लावून शेवंतीला थोपवून धरतात आणि हव्या त्या सणाला फुलवतात. आमच्याकडे ते कुणाच्या मनात नसताना घडत होतं.

काजव्यांचंही तेच. नराने लुकलुकून घातलेली साद मादीला दिसायला अंधार लागतो. झोताखाली ती साद दिसेनाशी होते, जोड्या जुळत नाहीत, मग अंडी नाहीत, अळ्या नाहीत, आणि गोगलगायींना मोकळं रान. चिरे, सोडणं, गडगा, काट्यांची वई या सगळ्यांवरून उजेड सहज उडी मारतो. त्याला अडवायला कुंपण नाही. दिव्याला वरून टोपी बसवावी, म्हणजे झोत रस्त्यावरच पडेल, असा अर्ज मी दिला आहे. रस्त्यावर उजेड हवाच, पावसाळ्यात फुरशी असतात. अर्जावर अजून काही झालेलं नाही, म्हणून यंदा पुढची सगळी शेवंती उचलून विहिरीच्या अंगाला न्यायची आणि तिच्या जागी सदाफुली लावायची असं ठरवलं आहे. सदाफुलीला रात्रीचं गणित नाही, आणि तिच्या कडू पानांना शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

पिल्लं काढून ठेवली, तेव्हा लक्ष वाहणाऱ्या त्या वहिनी हजर होत्या. त्यांनाही हवी होती. केळीच्या सोपात बांधून देताना मी विचारलं, “वहिनी, तुमच्याकडे रात्री काळोख कुठल्या बाजूला असतो?”

त्यांनी जरा विचार केला. “गोठ्याच्या मागं असतो. पण तिथं कोंबड्या उकरतात हो.”

“मग वई घाला.”

“घालते. काट्या तुमच्याकडच्याच नेते,” म्हणाल्या, आणि कोयता मागून घेतला.